पाणपोई, प्रति दिवस

निविदेत तिला पाणपोई म्हटलेलं नाही.
‘तात्पुरते पेयजल केंद्र, नग बारा,
कालावधी एक्क्याण्णव दिवस.’
रांजण दोन, हिरवी जाळी, गोणपाट,
दांडीचा पेला एक,
इसम एक.
त्याच क्रमानं. पेल्यानंतर इसम.

पात्रता: सदृश कामाचा तीन वर्षांचा अनुभव.
म्हणजे पाणी पाजल्याचा.
शोभा सोनकुसरेनं विचारलं, सासऱ्याला पाजलेलं धरतात का?
आम्ही अकराजणी हसलो,
मग थांबलो, कारण दाखला खरंच लागत होता.
दीक्षाभूमीवर दसऱ्याला दरवर्षी वाटतो पाणी,
त्यावर शिक्का कोण मारणार?
शेवटी ताजबागच्या उरुसाचा निघाला.
मुनीमजींनी लेटरहेडवर लिहून दिलं,
‘इन के पानी की कोई शिकायत नहीं.’

सायबर कॅफेत सहा मिनिटं उरली होती
आणि डिजिटल सहीचं टोकन लागेना.
कॅफेवाल्या पोरानं ते फुंकलं, शर्टाला पुसलं,
पुन्हा खुपसलं. लागलं.
सातशे अडतीस रुपये चाळीस पैसे,
प्रति केंद्र प्रति दिवस.
दुसऱ्याचा दर सातशे एकोणचाळीस.
साठ पैशांनी जिंकलो आम्ही.
साठ पैसे आता घेत पण नाही कोणी.

इतवारीत शेटजींच्या पाणपोईवर आईचं नाव कोरलेलं असतं.
आमच्यावर कार्यादेशाचा क्रमांक.

केंद्र सात, गोळीबार चौक: झिंगरूजी नंदेश्वर,
मिल बंद पडली तेव्हापासून मिळेल ते काम.
रजिस्टरात रकाना होता, लाभार्थी संख्या.
झिंगरूजी म्हणे,
‘मोजून नाई पाजत पानी, बाई. मोजलं का आटते.’
मग संध्याकाळी मीच लिहायची:
तीनशे बारा, दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे एक्केचाळीस.
शून्यावर संपू द्यायची नाही,
गोल आकडे साहेबांना खोटे वाटतात.

मे महिन्यातला मंगळवार. दीड वाजता
झोनचा कनिष्ठ अभियंता आला, मोबाइलवर फोटो काढला,
अक्षांश-रेखांशासकट:
रांजण दोन, गोणपाट ओलं,
पेला नाही,
इसम नाही.

डीपीच्या मागे सिलिंडरवाला पोरगा पडला होता,
हँडल अजून मुठीत.
झिंगरूजी पेला घेऊन चार खेपा धावले,
दोन त्याच्या डोक्यावर ओतल्या,
दोन तोंडात, थोड्या थोड्या.
त्याचं नाव त्यांनी विचारलं नाही.

बिलात आलं: कपात.
इसम अनुपस्थित, पाचशे.
पेला गहाळ, पंचेचाळीस.
मी अर्ज दिला, दोन प्रतींत,
‘सदर इसम सदर पेल्यासह पाणी पाजण्यास गेला होता.’
साहेबांनी पूर्ण वाचला, तेवढं मानलं पाहिजे.
म्हणाले, खरंच असेल, बाई.
पण निविदेत पाणी केंद्रावर पाजायचं आहे.

‘माह्या रोजीतून कापा,’ झिंगरूजी म्हणाले.
नाही कापलं. अकराजणींत वाटलं,
एकोणपन्नास रुपये चोपन्न पैसे येत होते.
शोभानं पन्नास टाकले
आणि सुट्टे मागितले नाहीत,
ती भाजीवाल्याकडेसुद्धा मागते.

यंदा पुन्हा निघाली आहे निविदा.
रांजण महाग, जाळी महाग, दर काढता काढता
मी पाचशे पंचेचाळीसला एक्क्याण्णवांनी भागलं.
सहा रुपये, जेमतेम.
उन्हाळ्यात एकदा, एका माणसानं
जागेवरून उठून जाण्याचे.
‘इतर’मध्ये घातलेत.

शोभा म्हणते, सहा रुपयांनी हरू आपण.
हरू.
साठ पैशांचा खेळ असतो हा, मला माहीत आहे.

टोकन पहिल्या झटक्यात लागलं.
चाळीस मिनिटं आहेत.
बाहेर बाकावरून झिंगरूजी विचारून राहिले,
झालं काय, बाई?
कॅफेवाल्या पोराला पाणी देताहेत,
त्याच पेल्यातून,
ज्याचे पंचेचाळीस आम्ही भरले.